फायबरग्लासच्या भागांवर कुठला फिलर? घरी विमान बांधणाऱ्या नवख्यांसाठी

काउलिंगचे, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाचे, दोन अर्धे भाग जागेवर बसले, पंखांच्या टोकांना विंगटिप लागल्या, चाकांवर पँट म्हणजे चाकं झाकणारी आवरणं चढली, की विमान लांबून पूर्ण झाल्यासारखं दिसतं. जवळ गेल्यावर खरी अवस्था कळते. कापडाची वीण वर उमटलेली असते, पृष्ठभागभर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात, दोन भागांच्या सांध्यावर मिलिमीटरभराची पायरी असते आणि कुठेतरी साचा नीट न भरल्याने खळगा राहिलेला असतो. हे सगळं रंगाच्या आधी भरून घोटायचं आहे. नेमक्या याच वेळी गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये वापरतात तो पुट्टीचा डबा डोळ्यांसमोर येतो. स्वस्त, वीस मिनिटांत कडक, लोण्यासारखा घासला जाणारा. तो कुठे चालेल, कुठे नाही आणि नाही तर काय वापरायचं, ते या लेखात पायरीपायरीने पाहू.

घासायला सोपा फिलर कुठला, या प्रश्नाने नवखा माणूस सुरुवात करतो. माझ्या मते हा सगळ्यांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे. खाली कुठलं रेझिन आहे, तो भाग विमानात कुठे बसतो आणि किती जाडी भरायची आहे, या तीन गोष्टी आधी ठरवायच्या. त्या ठरल्या की डबा जवळजवळ आपोआप ठरतो.

तुमच्या किटच्या मॅन्युअलमध्ये किंवा नकाशांत फिलरबद्दल काही लिहिलं असेल तर ते अंतिम समजा. खाली लिहिलेलं त्याच्या विरोधात जात असेल तर खालचं सोडून द्या.

पायरी १: भरण्याआधी तपासा

फिलर काहीही पेलत नाही. तो फक्त आकार देतो. त्यामुळे ज्या जागी मुळात ताकदच कमी आहे तिथे फिलर भरणं म्हणजे दोष झाकणं. आधी पूर्ण भागावर नाण्याने हलकेच टकटक करत फिरा. चांगल्या जागी आवाज टणक आणि एकसारखा येतो, थर सुटले असतील तिथे बद्द येतो. साच्याशिवाय, फोमवर थेट कापड चढवून केलेल्या बांधणीत रंग लागेपर्यंत थर बऱ्यापैकी पारदर्शक असतो. तिरप्या उजेडात पाहिलं तर अडकलेली हवा पांढुरक्या डागांसारखी दिसते. एकदा फिलर चढला की हे पाहायची संधी गेली. म्हणून या टप्प्यावर सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि तपासणीला येणाऱ्या माणसाला भाग उघडा असतानाच दाखवा.

थर सुटलेले, कापड फाटलेलं, भोक आरपार गेलेलं, कडेला चीर पडलेली असेल तर ते काम कापड आणि रेझिनचं आहे. ते करून मग इकडे या. खळगा दोन-तीन मिलिमीटरहून खोल असेल तर तिथेही मी आधी काचकापडाचा एखादा थर देता येईल का ते पाहतो. अर्थात हे काउलिंग, फेअरिंग (हवा सुरळीत वाहावी म्हणून लावलेली आवरणं) अशा भागांपुरतं. पंखावर किंवा नियंत्रणपृष्ठावर, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या भागावर, स्वतःच्या मनाने थर वाढवू नयेत.

पायरी २: खाली कुठलं रेझिन आहे ते ओळखा

घरगुती विमानांत तीन रेझिनं भेटतात: इपॉक्सी, पॉलिएस्टर आणि विनाइलेस्टर. बर्ट रुटान यांच्या व्हेरीईझी आणि लाँग-ईझीसारखी फोमवर बांधलेली विमानं इपॉक्सीची आहेत. ग्लासएअरच्या किटमधले साच्यातले भाग विनाइलेस्टरचे. धातूच्या विमानांच्या किटमध्ये येणाऱ्या विंगटिप आणि फेअरिंग बरेचदा पॉलिएस्टरच्या असतात, तर त्याच किटचं काउलिंग इपॉक्सीचं असू शकतं. म्हणजे एकाच विमानावर दोन प्रकारची रेझिनं सर्रास सापडतात. किट बनवणाऱ्याला विचारणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर दोन खुणा आहेत. बाहेरच्या बाजूला चकचकीत, जाडसर जेलकोट, म्हणजे साच्यातच दिलेला रेझिनचा बाहेरचा थर, असेल तर भाग बहुधा पॉलिएस्टरचा किंवा विनाइलेस्टरचा असतो. आणि कोपऱ्यात थोडं घासल्यावर गोडसर, नाकाला झोंबणारा स्टायरिनचा वास आला तर तोच निष्कर्ष पक्का होतो. इपॉक्सी घासताना तो वास येत नाही.

एवढी चौकशी कशासाठी? कारण चिकटण्याचा नियम दोन्ही बाजूंनी सारखा नाही. पूर्ण कडक झालेल्या आणि नीट खरवडलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी उत्तम धरतो. उलट, इपॉक्सीवर पॉलिएस्टर लावला तर भरवसा कमी. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये अमाइन असतात. इपॉक्सी पुरता पिकला नसेल किंवा त्यावर अमाइनचा थर असेल तर ते पॉलिएस्टरच्या पेरॉक्साइड हार्डनरच्या कामात अडथळा आणतात. वरून पुट्टी टणक होते, खाली सांध्याशी चिकट राहते. आज घोटली तर छान दिसते. काही महिन्यांच्या ऊन-थंडीनंतर आणि इंजिनाच्या थरथरीनंतर पापुद्रा सुटू लागतो.

फोमचीही एक गोष्ट इथेच सांगतो. पंखाच्या गाभ्यात वापरतात तो पॉलिस्टायरिन फोम स्टायरिनमध्ये विरघळतो. पॉलिएस्टर पुट्टीत स्टायरिन असतं. त्यामुळे जिथे फोम उघडा आहे किंवा एखाद्या छिद्रातून पोचता येण्यासारखा आहे, तिथे पॉलिएस्टरचा डबा उघडूच नका.

थोडक्यात, खाली काय आहे हे कळत नसेल तर इपॉक्सीचा फिलर घ्या. तो तिन्हींवर चालतो.

पायरी ३: डब्यांची ओळख

*पॉलिएस्टर बॉडी फिलर.* बाँडो हे यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. पॉलिएस्टर रेझिनमध्ये मुख्यतः टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पूड, आणि सोबत बेंझॉइल पेरॉक्साइडची लाल किंवा निळी क्रीम. पटकन पिकतो आणि सहज घासला जातो, हे दोन मोठे गुण. पण जड असतो, पिकताना आकसतो, उघडा राहिला तर ओल धरतो आणि जाड थरात ठिसूळ होतो. महागड्या, हलक्या आवृत्त्यांत टाल्कच्या जागी काही प्रमाणात काचेचे पोकळ गोळे घालतात. त्या बऱ्याच बऱ्या. तरी रेझिन तेच.

*केसाळ फिलर.* पॉलिएस्टरमध्ये काचेचे तोडलेले धागे घातलेला. गाडीच्या गंजलेल्या पत्र्यासाठी ठीक. विमानावर त्याचं काम मला अजून सापडलेलं नाही: जड, घासायला दगड आणि ताकद मात्र खऱ्या काचकापडाच्या जवळपासही नाही.

*ट्यूबमधली एकपदरी पुट्टी.* हार्डनर न लागणारी, थिनर उडून वाळणारी. थिनर उडेपर्यंत आणि त्यानंतरही ती आकसत राहते. रंगावर आठवड्यांनी खळगे दिसू लागतात. टाळा.

*इपॉक्सी आणि मायक्रोबलून.* हा घरगुती कंपोझिट विमानांचा खरा फिलर. मायक्रोबलून म्हणजे डोळ्यांना पिठासारखे दिसणारे काचेचे पोकळ गोळे. एका लिटर गोळ्यांचं वजन शंभर-दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं. तुम्ही थरांसाठी वापरता त्याच इपॉक्सीत ते कालवायचे. रुटान यांच्या बांधणीपद्धतीतून आलेले शब्द आजही चालतात: सम प्रमाणात कालवलं की स्लरी, आकारमानाने दोन ते चारपट गोळे घातले की वेट मायक्रो आणि साधारण पाचपट घातले की ड्राय मायक्रो. पृष्ठभाग भरायला लागतो तो ड्राय मायक्रो. हलका, न आकसणारा, खालच्या थराशी एकाच जातीचा. तोटा असा की पिकायला रात्र जाते आणि दर वेळी मिश्रण हाताने करावं लागतं.

मायक्रोबलून काचेचे पांढरे मिळतात आणि फिनॉलिकचे विटकरी-तपकिरीही. काही ब्रँड प्लास्टिकचे गोळे वापरतात. हे फार हलके, फार सुरेख घासले जातात, पण उष्णता सोसत नाहीत. वेस्ट सिस्टमचा ४१० हा त्यातलाच. गडद रंगाखाली तो वापरू नका असं बनवणारी कंपनीच सांगते. त्यांचाच फिनॉलिक गोळ्यांचा ४०७ थोडा जड आहे, पण उष्णतेला बरा टिकतो. डब्यावरचा हा फरक न वाचता लोक घेतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

*तयार इपॉक्सी फिलर.* पॉलिफायबरचा सुपरफिल हे यातलं ओळखीचं नाव. दोन डबे, दोन्हींत गोळे आधीच मिसळलेले, वजनाने मोजून एकजीव करायचे. महाग आहे. पण दर खेपेला घट्टपणा तोच मिळतो, उभ्या भागावरून ओघळत नाही आणि हवेत गोळ्यांची धूळ उडत नाही. एखाद-दोन फेअरिंग आणि काउलिंगपुरतंच काम असेल तर मी हाच घ्यायला सांगेन. संपूर्ण पंख घोटायचे असतील तर खर्च पाहता हाताने कालवलेला मायक्रो बरा.

याशिवाय दोन भुकट्या दुकानात शेजारीच मांडलेल्या असतात. फ्यूम्ड सिलिका मिश्रण ओघळू नये म्हणून चिमूटभर घालतात. जास्त झाली की घासताना हात मोडतात. फ्लॉक्स म्हणजे कापसाचे बारीक तंतू. ते चिकटवण्याच्या आणि कोपरे भक्कम करण्याच्या कामाचे, पृष्ठभाग भरायच्या नव्हे.

पायरी ४: वजनाचा हिशेब करा

हा हिशेब सोपा आहे आणि एकदा कागदावर केला की डोक्यातून जात नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडी म्हणजे बरोबर एक लिटर फिलर. ड्राय मायक्रोचा लिटर अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. साधी टाल्कवाली पुट्टी दीड किलोच्या वर जाते. दहा चौरस मीटरवर सरासरी अर्धा मिलिमीटर उरला तर एकीकडे अडीच किलो, दुसरीकडे साडेसात-आठ किलो. गाडीला हा फरक कळतही नाही. विमानात तो इंधनातून किंवा सामानातून वजा होतो, शिवाय शेपटीकडे असेल तर गुरुत्वमध्य मागे सरकवतो.

नियंत्रणपृष्ठांवर तर गोष्ट निराळीच. एलेरॉन, एलेव्हेटर, रडर हे हिंजभोवती तोललेले असतात आणि तो तोल बिघडला तर ठरावीक वेगाच्या वर फ्लटर सुरू होऊ शकतो. फ्लटर म्हणजे पृष्ठ स्वतःहून इतक्या जोराने फडफडणं की काही सेकंदांत ते तुटावं. आता समजा, एलेव्हेटरच्या हिंजमागे ३० सेंटिमीटरवर तुम्ही १०० ग्रॅम फिलर चढवला. हिंजपुढे साडेसात सेंटिमीटरवर असलेल्या तोलवजनात त्यासाठी ४०० ग्रॅम शिसं वाढवावं लागेल. शंभर ग्रॅमचे झाले पाचशे, तेही शेपटीच्या टोकाला. म्हणून नियंत्रणपृष्ठांवर सर्वांत हलका फिलर, सर्वांत पातळ थर, आणि मागच्या कडेजवळ तर जवळजवळ काहीच नाही. नकाशात वजनाची कमाल मर्यादा दिली असते. रंगासकट त्या मर्यादेत बसायचं आहे हे फिलर लावतानाच लक्षात ठेवा.

पायरी ५: जागेप्रमाणे निवडा

काउलिंगवर उष्णता, तेल, इंधनाचे थेंब आणि सतत थरथर असते. इथे इपॉक्सी आणि काचेचे किंवा फिनॉलिक गोळे. प्लास्टिकचे गोळे नकोत. एक्झॉस्टजवळचा भाग तर मुळातच फिलरवर सोपवू नये, तिथे आतून उष्णतारोधक लावून तापमान कमी करणं हे खरं उत्तर.

पंख आणि कनार्डवर (नाकाजवळचा छोटा पंख) वजनाइतकाच आकार महत्त्वाचा. लाँग-ईझीच्या मूळ कनार्डचं उदाहरण प्रसिद्ध आहे: पावसाचे थेंब पृष्ठभागावर बसले की उचल घटायची आणि नाक खाली जायचं, पुढे जॉन राँझ यांनी आखलेला छेद, म्हणजे पंखाच्या कापाचा नवा आकार, आल्यावर ते मिटलं. थेंबांनी इतका फरक पडू शकतो, तर तुमच्या फिलरच्या लाटेने पुढच्या कडेवर काय होईल याचा विचार करा. इथे ड्राय मायक्रो, आणि नकाशातले साचे म्हणजे टेम्प्लेट लावून तपासत घोटणं.

चाकांच्या पँट आणि छोट्या फेअरिंगवर चूक झाली तरी फारसं बिघडत नाही. भाग पॉलिएस्टरचा असेल तर वजनाने हलकी पॉलिएस्टर पुट्टी इथे चालून जाते. बरेच अनुभवी बांधणारे इपॉक्सी प्रायमर चढल्यावर दिसणारे शेवटचे ओरखडे पॉलिएस्टरच्या पातळ ग्लेझिंग पुट्टीने भरतात. त्यालाही माझी हरकत नाही. पिकलेल्या, घासलेल्या प्रायमरवरचा तो नखाएवढा थर असतो, वजन नगण्य. इपॉक्सीच्या उघड्या थरावर जाड पुट्टी थापणं वेगळं आणि हे वेगळं.

फायबरग्लासची विंगटिप ॲल्युमिनियमच्या पंखाला मिळते तो सांधा मात्र फसवा. दोन पदार्थ उन्हात वेगवेगळे फुगतात आणि पंख उडताना वाकतो. त्या फटीत कुठलाही कडक फिलर भरला तरी रेघेरेघेने तडा जाणार. एक तर फट सरळ, सारखी ठेवून उघडी सोडा, नाहीतर सांध्यावर काचकापडाची पट्टी चढवून कायमचा जोड करा आणि मग फिलर. तिसरा मार्ग लोक शोधतात, पण तो रंगाच्या दुसऱ्या हातापर्यंतच टिकतो. कॅनोपीच्या कडेलाही हेच, शिवाय ॲक्रिलिकला अ‍ॅसिटोन आणि थिनर लागू देऊ नका. बारीक जाळीसारखे तडे पडतात आणि ते जात नाहीत.

पाणी निचरायची छिद्रं आणि स्थिर दाबाचं भोक, म्हणजे स्टॅटिक पोर्ट, यांच्यावर आधीच टेप लावा. स्टॅटिक पोर्टच्या आसपासचा उंचवटा वेग आणि उंचीची मापं चुकवू शकतो.

रंगाचाही विचार आत्ताच. बहुतेक कंपोझिट विमानं पांढरी असतात ती आवड म्हणून नाही. खोलीच्या तापमानाला पिकणारे अनेक इपॉक्सी ६० ते ८० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात मऊ पडू लागतात आणि कडक उन्हात गडद पृष्ठभाग तिथवर सहज तापतो. मग वीण रंगातून परत उमटते, फिलरच्या कडा दिसू लागतात. गडद पट्टा हवाच असेल तर तुमच्या रेझिनची मर्यादा बघून, आणि भार पेलणाऱ्या भागावर नकोच.

पायरी ६: आधी टाकाऊ तुकड्यावर

त्याच रेझिनचा, त्याच कापडाचा तळहाताएवढा तुकडा घ्या. निम्मा घासा, निम्मा तसाच ठेवा. दोन्हींवर निवडलेला फिलर लावा, पूर्ण पिकू द्या, मग पटाशीने उखडून पाहा. फिलर स्वतः तुटला आणि त्याचा थर खाली चिकटून राहिला तर जोड चांगला. स्वच्छ पापुद्रा निघाला तर काहीतरी चुकलं आहे. न घासलेल्या अर्ध्यात काय होतं ते पाहिल्यावर पुढची पायरी कोणी टाळत नाही.

पायरी ७: पृष्ठभाग तयार करा

क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. साच्यातून आलेल्या भागावर, तो साच्याला चिकटू नये म्हणून लावलेलं मेण किंवा पीव्हीए असतं. पीव्हीए पाण्याने जातं, मेण काढायला मेण-ग्रीस काढायचं द्रावण लागतं. हे दोन्ही घासण्याच्या आधी काढा. नाहीतर घासकागद मेण ओरखड्यांच्या तळाशी चोळून बसवतो. हाताने चढवलेल्या इपॉक्सीवर अमाइनचा तेलकट-मेणचट थर येतो. तो अ‍ॅसिटोनने फक्त पसरतो. साधं पाणी आणि स्कॉच-ब्राइटने धुवा, पुसा, वाळवा.

मग ८० नंबरच्या कागदाने सगळी चकाकी जाईपर्यंत घासा. कापडाचे धागे दिसू लागले की थांबा. बाहेरचा थर अनेक भागांत भार पेलतो, त्यामुळे उंचवटा घासून काढण्यापेक्षा आजूबाजूचा खळगा भरणं केव्हाही सुरक्षित. पील प्लाय (ओल्या थरावर लावून नंतर सोलून काढायचं कापड) लावून काढला असेल तर पोत आधीच तयार असतो, तरी मी हलका हात फिरवतोच. शेवटी धूळ ओढून घ्या, स्वच्छ फडक्याने पुसा आणि उघड्या बोटांनी हात लावू नका.

पायरी ८: कालवणं

वजनकाटा वापरा. आकारमानाचं प्रमाण आणि वजनाचं प्रमाण वेगळं असू शकतं: एमजीएस एल२८५ रेझिनला त्याचा हार्डनर वजनाने १०० ला ४० लागतो आणि आकारमानाने १०० ला ५०. दोन्हींची गल्लत झाली की मिश्रण कधीच नीट पिकत नाही. इपॉक्सी लवकर व्हावा म्हणून हार्डनर वाढवणं ही पॉलिएस्टरवरून आलेली सवय आहे. पॉलिएस्टरमध्ये क्रीम साधारण दोन टक्के असते आणि थोडी कमी-जास्त चालते, तरी जास्त झाली की तिचा रंग वरच्या रंगातून डागासारखा फुटतो. इपॉक्सीत मात्र प्रमाण म्हणजे प्रमाण. घाई असेल तर जलद हार्डनर घ्या किंवा खोली गरम करा.

आधी रेझिन आणि हार्डनर, कडा आणि तळ खरवडत, पूर्ण एकजीव. गोळे त्यानंतर, थोडे थोडे, आणि फेटायचं नाही तर घडी घालत कालवायचं. फेटलं की हवा अडकते आणि तीच उद्या छिद्रं म्हणून भेटते. भाकरीच्या पिठापेक्षा किंचित सैल, पत्तीवर घेतल्यावर टोक उभं राहील आणि चकाकणार नाही, इतपत घट्ट. चकाकत असेल तर अजून गोळे हवेत. चुरा पडत असेल तर जास्त झाले, आणि तसा फिलर खडूसारखा सुटतो.

कालवल्यावर ते वाटीत ठेवू नका. इपॉक्सी पिकताना गरम होतो आणि गोळे उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे भरलेली वाटी धुमसू शकते. एखाद्या पत्र्यावर पातळ पसरून ठेवलं की काम करायला जास्त वेळ मिळतो.

नायट्राइल हातमोजे घाला. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबतीण होते. गोळे ओतताना आणि घासताना धुळीचा चांगला मास्क, पॉलिएस्टरसाठी सेंद्रिय वाफा अडवणारी कार्ट्रिज. हातावर लागलेला इपॉक्सी अ‍ॅसिटोनने धुणं म्हणजे तो कातडीत जिरवणं, साबण-पाणी वापरा.

पायरी ९: लावणं आणि घोटणं

आधी कोरड्या पृष्ठभागावर साध्या इपॉक्सीचा अगदी पातळ हात ब्रशने द्या आणि तो ओला असतानाच मायक्रो लावा. ड्राय मायक्रोत रेझिन इतकं कमी असतं की स्वतःहून तो पृष्ठभाग भिजवत नाही.

ठिगळं लावू नका. नवख्यांचा सर्वाधिक वेळ इथे जातो. मायक्रो हा काचेच्या थरापेक्षा मऊ असतो. ठिगळ लावून घासलं की कागद कडेच्या कडक थरावर चढतो आणि मऊ फिलर खोदतो. खळगा भरायला गेलात आणि नवा खळगा तयार. पुन्हा भरा, पुन्हा तेच. त्यापेक्षा आजूबाजूला बरंच पुढेपर्यंत, लांब लवचीक पट्टीने एका दमात पसरवा आणि उंच ठेवा. बहुतेक फिलर नंतर धुळीत जाणारच आहे.

रात्रभर पिकू द्या. नखाने दाबल्यावर ओरखडा उमटत असेल किंवा कागदात गोळे अडकत असतील तर अजून थांबा. मग लांब घासपट्टीवर ३६ किंवा ४० नंबर लावून, कधी एका तिरक्या दिशेने, कधी दुसऱ्या. हातात नुसता कागद धरून नाही. बोटांचे खळगे पडतात. फिरता सँडर मोठ्या पृष्ठभागावर आणूच नका. दर थोड्या वेळाने वरून काळ्या पावडरीचा किंवा विरुद्ध रंगाचा हलका फवारा द्या: घासल्यावर काळं उरतं ती जागा खाली, आधी उजळते ती वर. डोळ्यांपेक्षा तळहाताला लाट आधी कळते. बाजूने ठेवलेली ट्यूबलाइट आणि तिचं पृष्ठभागावरचं प्रतिबिंब हीही चांगली साक्ष. नंतर ८०, १२० आणि प्रायमरआधी १८० किंवा २२०.

पायरी १०: छिद्रं

टाचणीएवढी छिद्रं घट्ट फिलरने भरत नाहीत. तो वरून पूल बांधतो आणि आत हवा तशीच राहते. प्रायमर लागला की पूल फुटतो. त्यासाठी साधा इपॉक्सी, गोळ्यांविना, प्लास्टिकच्या पत्तीने उलटसुलट दाबून चोळा आणि उरलेला पूर्ण खरवडून काढा. छिद्रांत शिरेल तेवढाच राहतो, वजन जवळजवळ वाढत नाही. मग हलकं घासून वर भरीव प्रायमर. फक्त प्रायमरच्या भरवशावर छिद्रं भरू पाहाल तर हातावर हात चढत जातील आणि छिद्रं तिथेच असतील.

प्रायमरआधी फिलरला त्याच्या पत्रकात दिलेला पूर्ण वेळ द्या. अर्धवट पिकलेल्या फिलरमध्ये रंगाचं थिनर मुरतं, तो फुगतो, तुम्ही सपाट घोटता, आणि थिनर निघून गेल्यावर तो पुन्हा बसतो.

पायरी ११: रंगानंतर

नियंत्रणपृष्ठं काढून पुन्हा तोलून पाहा, आधी तोलली होती तरीही. विमानाचं वजन आणि गुरुत्वमध्य रंग झाल्यावरच मोजा. रंगाआधीचे आकडे वापरून पहिलं उड्डाण करणारे आहेत, त्यांच्यातले होऊ नका. आणि बांधणीच्या वहीत भागागणिक लिहा: खाली कुठलं रेझिन, वर कुठला फिलर, अंदाजे किती जाडी, कुठला प्रायमर, कुठल्या तारखेला. पाच वर्षांनी काउलिंगला तडा गेल्यावर दुरुस्ती करणारा माणूस, मग ते तुम्ही असाल किंवा विमान विकत घेणारा, आधी हेच पान उघडेल. पटाशीने तपासलेल्या तुकड्याचा जोडीदार, न उखडलेला, नाव-तारीख लिहून त्याच वहीसोबत पिशवीत ठेवला तर नवा फिलर जुन्यावर धरतो का, हे विमानाला हात न लावता तपासता येतं.